सल्ल्यासाठी एक मेंढी

मला एका माणसाचा सल्ला घ्यायचा होता. एका. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या काराकोल शहरात जे पसरलं त्यात मी मुलीचा साखरपुडा उरकला इथपासून ते मी निवडणुकीला उभा राहतोय इथपर्यंत सगळं होतं. सल्ल्याचं नाव कुणी काढलं नाही.

झालं असं. आमची बेगायम राजधानीत, बिश्केकला, जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. पाच वर्षांचा कोर्स, त्यातलं चौथं चालू. शुक्रवारी न कळवता घरी आली. चहा घेतला. पुन्हा चहाची वाटी पुढे केली. पुन्हा केली. मुलगी न बोलता चहावर चहा पिऊ लागली की बापाने सावध व्हावं, पण मी शाळेत भूगोल शिकवतो, मला दूरच्या गोष्टी आधी दिसतात.

"बाबा, मी विचार करतेय," ती म्हणाली.

"कर की. चांगली सवय आहे."

"व्हेटर्नरी सोडून अकाउंटिंगला जावं म्हणते."

माझी बायको जिपार जर्दाळूचा मुरंबा वाढत होती. तिचा चमचा हवेत राहिला आणि मुरंबा माझ्या गुडघ्यावर पडला. धुतलेली एकुलती एक पँट होती, पण त्या क्षणी तक्रार करणं बापाला शोभलं नसतं.

"चौथ्या वर्षी?" मी म्हणालो. "अगं, नदी ओलांडून पलीकडच्या काठाला हात लागला आणि आता परत फिरतेस?"

"एका फार्मवर प्रॅक्टिकलला होते ना, तिथली अकाउंटंट बाळंतपणाच्या रजेवर गेली. मालक म्हणाला, पोरी, जरा बघतेस का. बघितलं. चाऱ्याचा हिशेब आणि दुधाचा हिशेब वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. मी त्यांना बोलतं केलं. बाबा, मला संध्याकाळ झालेली कळली नाही."

"आणि गायी?"

"गायींशी माझं काही भांडण नाही. पण गायींजवळ मला संध्याकाळ झालेली कळते."

"मग ठरवलंयस का?"

"ठरवलं असतं तर विचारलं असतं का? सोमवारी डीनना सांगायचंय. दुसऱ्या वर्षात बसावं लागेल. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! हे वाक्य ऐकायला फार गोड असतं आणि पचायला फार जड.

आता माझी बाजू ऐका. आमच्याकडे माणसाची किंमत काय हे त्याला पंगतीत कुठलं हाड मिळतं त्यावरून कळतं. मेंढी कापली की खुब्याचं हाड सर्वांत वडीलधाऱ्याला, त्याखालोखाल मांडीचं, मग नडगी, मग खांद्याचा फरा, असं उतरत उतरत दाराशी बसलेल्या जावयापर्यंत. शेवटच्या हाडाचं तर नावच मुळी 'दासीचं हाड' आहे. मी भूगोल शिकवून कित्येक वर्षं फऱ्यावर अडकलो होतो. ज्या वर्षी बेगायम डॉक्टरकीला लागली, त्या वर्षी कुणाच्या तरी बारशाला माझ्यापुढे चक्क नडगी आली. ती तिसऱ्या वर्षाला गेली आणि मला मांडीचं हाड मिळालं. जिपारने ते घरी आणून शेजाऱ्यांना दाखवलं. गल्लीतले लोक मला 'डॉक्टरीणबाईंचे वडील' म्हणू लागले होते. सकाळी दात घासत अंगणात आलो की फाटकाशी एखादं वासरू आणि त्याचा मालक दोघेही माझ्याकडे आशेने बघत उभे असायचे. आता अकाउंटंटच्या बापाला कुठलं हाड देतात हे मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि ऐकायची इच्छाही नव्हती.

तरी मी काही स्वार्थी माणूस नाही. म्हणून म्हटलं, निर्णय आपण नको घ्यायला, ओरोझबाय अक्साकालांचा सल्ला घेऊ. अक्साकाल म्हणजे गल्लीतले सर्वांत वयोवृद्ध. पांढरी दाढी छातीपर्यंत, दात मोजके आणि ऐकू येतं ते त्यांना हवं तेव्हा.

"चहाला बोलवतो," मी जिपारला म्हणालो. "साधा चहा."

"नुसत्या चहाला? मास्तर, त्यांच्या दाढीकडे बघून तरी बोल. पिठाची तळलेली बोरसोक हवीत."

"मग बोरसोक तळ."

"ओरोझबायांना बोलावलं आणि कादिरकुलना नाही, असं चालेल? दोघे एका वयाचे. ते वर्षभर बोलणार नाहीत."

"त्यांनाही बोलाव."

"आणि दोन म्हातारे आपल्याकडे येऊन बोरसोक चघळून जाणार? मांस नाही? लोक काय म्हणतील, मास्तरने मुलीच्या आयुष्याचा प्रश्न पिठावर सोडवला?"

अशा रीतीने रविवारी पहाटे मी जनावरांच्या बाजारात मेंढी घ्यायला उभा होतो.

मेंढी घेण्यात माझी फसवणूक झाली असं लोक म्हणतात. मी म्हणेन, विक्रेता फार सभ्य होता. त्याने मला 'मुगालिम' म्हणजे गुरुजी म्हणून हाक मारली, माझ्या हातावर हात ठेवला, मेंढी कोवळी आहे याची आपल्या आईची शपथ घेतली. मी मेंढीची पाठ थोपटली, शेपटीची चरबी चाचपली, जाणत्यासारखं 'हं' म्हटलं आणि ती माझ्या झिगुली गाडीच्या डिकीत घातली. कागदही घेतला, कारण मी नियमाने वागणारा माणूस आहे.

बाजाराच्या फाटकावर तपासनीसाने कागद वाचला, डिकी उघडली, पुन्हा कागद वाचला.

"कागदावर मेंढा आहे," तो म्हणाला.

"बरं."

"डिकीत मेंढी आहे."

"असेल. काय फरक पडतो? आम्ही खाणारच आहोत."

"तुम्हाला नाही पडत, कागदाला पडतो. एक तर कागद बदला, नाही तर मेंढी."

"साहेब, माझी मुलगी जनावरांची डॉक्टर आहे."

"मग त्यांची सही आणा."

"अजून शिकतेय. एक वर्ष राहिलंय."

"मग पुढच्या वर्षी या," तो म्हणाला आणि शांतपणे सूर्यफुलाच्या बिया सोलू लागला. मागे गाड्यांची रांग लागली. पाठीमागच्या ट्रकमधल्या घोड्याने माझ्या डिकीत डोकं घातलं. "ए गुरुजी, बाजूला घ्या, भूगोल नंतर!" असं कुणीतरी ओरडलं. तो माझाच जुना विद्यार्थी होता, आवाज ओळखला.

शेवटी बेगायमला फोन केला. ती झोपेतून उठून आईचा कोट अंगावर टाकून आली. डिकीत वाकली, मेंढीचा ओठ वर केला, दात बघितले, कानातला बिल्ला बघितला.

"बाबा, ही कोवळी आहे असं कोण म्हणालं?"

"विक्रेता. आईची शपथ घेऊन."

"त्याची आई आणि ही एका वयाच्या असतील."

लोक हसले. मीही हसलो, कारण बाकी काही करण्यासारखं नव्हतं. तिने बाजारात शिरून दहा मिनिटांत माझा कागद ज्या मेंढ्याचा होता त्याचा मालक शोधला. त्याच्याकडे माझ्या मेंढीचा कागद निघाला. कागदांची अदलाबदल झाली. पैसे काही परत मिळाले नाहीत, विक्रेता आईला भेटायला गावी गेला होता. पण तोवर बेगायमभोवती गर्दी जमली. "ताई, आमचं कोकरू बघ गं", "ताई, हिला खोकला आहे". ती एकेकाच्या डोळ्यांत, तोंडात, कासेत बघत फाटकापर्यंत आली. तपासनीसाने बिया खिशात टाकल्या आणि उठून उभा राहिला. मी छाती काढून गाडीशी उभा होतो. आणि मनात म्हटलं, अरे देवा, या मुलीला खुर्चीवर बसवून आकडे मोजायला लावायचं?

घरी आलो तर शेजारच्या नीना पेत्रोव्ना अंगणात. यांनी आयुष्यभर साखर कारखान्यात अकाउंटंटची नोकरी केली.

"शेरगाझी, मेंढी कशाला?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर या धंद्यात झोप येत नाही. जुळल्या तर विश्वास बसत नाही, म्हणून झोप येत नाही. बेगायमला झोप आवडते?"

"फार."

"मग विचार करा," असं म्हणून त्या गेल्या. पण जाता जाता गल्लीत काय बोलल्या कोण जाणे. दुपारपर्यंत बायका पांढरे रुमाल आणि मिठाई घेऊन यायला लागल्या, कारण उपवर मुलीच्या घरी विनाकारण मेंढी कापली जात नाही. लग्नाची मुलगी, मेंढी, धूर, म्हणजे कानात डूल घालायला सासरकडचे येणार. "मुलगा कुठला?" प्रत्येकीने जिपारला विचारलं. "मुलगा नाही, अकाउंटिंग आहे," जिपार सांगायची. "हो का, अकाउंटंट आहे होय? चांगला पगार असतो," म्हणत त्या आत येऊन बसायच्या. बायका आल्या म्हणून नवरे आले. माझा भाचेजावई रिसबेक तर न बोलावता आला आणि 'पुढे सगळे हिशेब फोनच करणार' असं सांगून दाराशी बसून फोनमध्ये शिरला.

तिकडे मेंढी शिजेना. कढई सकाळपासून चुलीवर, पण तिला काही घाई असावी असं वाटत नव्हतं. कादिरकुल दर थोड्या वेळाने यायचे, झाकण उचलायचे आणि म्हणायचे, "मास्तर, हिने लढाई बघितलीय." मग माझ्या कानाशी लागायचे. "पोरीला अकाउंटंट करू नकोस. माझी गाय कोण बघणार? तुझा निर्णय आहे, मी मध्ये पडत नाही, पण गाय गाभण आहे." कादिरकुल मध्ये न पडता पडतात, ही त्यांची कला आहे.

चार वाजता मांस निदान हाडापासून सुटण्याइतपत शिजलं. आता खरी परीक्षा. दोन माणसांसाठी आणलेल्या मेंढीपुढे खोली भरून माणसं. मी स्वयंपाकघरात गेलो तर बेगायम बाह्या सरसावून लांब टेबलाशी उभी. तिने खोलीत डोकावून कोण कुठे बसलंय हे बघितलं, कोण कुणाहून मोठा हे आईला विचारलं, आणि प्रत्येकाच्या मानाप्रमाणे हाडं ताटांत लावून ताटं टेबलावर ओळीने मांडली. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. वाफेने तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती गुणगुणत होती. वर प्रत्येक ताटावर तिने रोटी झाकली, कारण मांस गार होत होतं.

"बाबा, उजवीकडून उचला आणि अक्साकालांपासून सुरू करा. क्रम लावलाय," ती म्हणाली.

मी उजवीकडून उचललं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि जो माणूस आयुष्यभर पोरांना पूर्व-पश्चिम शिकवतो त्याच्या ती लक्षात यायला हवी होती असं जिपार आजही म्हणते. बेगायम टेबलाच्या त्या बाजूला होती आणि मी या बाजूला. तिचं उजवं ते माझं डावं.

मी मोठ्या दिमाखाने पहिलं ताट ओरोझबाय अक्साकालांपुढे ठेवलं. दुसरं कादिरकुलांपुढे. असं करत करत शेवटचं ताट दाराशी रिसबेकपुढे. मग मी हात जोडून म्हणालो, "घ्या, गोड मानून घ्या."

अक्साकालांनी रोटी उचलली. खाली दासीचं हाड.

मग एकेक रोटी उचलली गेली. कादिरकुलांच्या ताटात सुनेला देतात ते हाड होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात बघितलं. "मास्तर," ते म्हणाले, "माझ्या हातून काही चूक झाली का?" मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी थेट तिसऱ्या पाठातल्या लाव्हारसात पडावं. बरोबर मध्ये बसलेला शेजारी सापारबाय तेवढा कधीचा जेवत होता, कारण ओळ कुठूनही मोजली तरी मधला तो मधलाच. आणि दाराशी रिसबेक, ज्याला जन्मात कुणी खुब्याचं हाड दिलं नव्हतं, त्याने ते दोन्ही हातांनी धरून भला मोठा लचका तोडला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मानामुळे होतं की मेंढी चावली जात नव्हती म्हणून, हे सांगणं कठीण.

दिलेलं ताट परत उचलणं म्हणजे तर दुसरा अपमान. ओरोझबाय काठी शोधू लागले. कादिरकुल उठले. इतक्यात बेगायम पदराला, म्हणजे आईच्या एप्रनला, हात पुसत आत आली. तिने एका नजरेत सगळी ओळ बघितली. आणि माझी मुलगी हसली हो!

"आजोबा, बसा," ती अक्साकालांना म्हणाली. "ताट उचलायचं नाही. हिशेबात चूक झाली तरी खोडत नाहीत, उलटी नोंद करून सरळ करतात. रिसबेकदादा, उठा. आज आमच्याकडे धाकट्याने आपल्या हातचं थोरल्याला द्यायचं. घेऊन या."

रिसबेक चावलेलं हाड घेऊन उठला. खोलीभर चालत आला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी ते अक्साकालांपुढे केलं. त्याच्या शेजारचा उठला आणि कादिरकुलांपुढे गेला. मग पुढचा, मग पुढचा. प्रत्येक थोरल्याने आपलं धाकट्याच्या हातात दिलं. कोण कुणाकडे जायचं ते बेगायम नुसत्या मानेने सांगत होती, आणि पाहता पाहता सगळी हाडं आपापल्या जागी पोचली. सापारबाय जागचा हलला नाही. कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं, उलट प्रत्येकाला कुणीतरी उठून मान दिला होता. बायका चुकचुकायच्या थांबल्या. कादिरकुल खाली बसले आणि वर म्हणाले, "बघ, अशीच पद्धत होती जुन्या काळी." अशी पद्धत कुठल्याही काळी नव्हती.

अक्साकालांनी हाडाची चावलेली बाजू बघितली.

"बरं झालं," ते म्हणाले. "पोराने मऊ करून दिलंय."

खोली हसून हसून लोळली. मी मात्र हसत नव्हतो. मी बेगायमकडे बघत होतो. सकाळी बाजारात तिने सगळ्यांचं सगळं केलं होतं, पण हा चेहरा नव्हता. हा चेहरा मी तिच्या लहानपणानंतर बघितलाच नव्हता. मला फार आनंद झाला आणि त्याच वेळी माझं मांडीचं हाड डोळ्यांदेखत लांब जाताना दिसलं. दोन्ही एकदम होतं, काय करणार.

जेवण झालं. हात धुतले. ओरोझबाय अक्साकालांनी दोन्ही तळहात वर उघडे धरले आणि त्यांच्यामागोमाग सगळ्या खोलीने. आता आशीर्वाद. आमच्याकडे एकदा आशीर्वाद झाला आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून 'ओमिन' म्हटलं, की तो विषय संपला. मग देवाची इच्छा असली तरी बदलत नाही.

"हं, मास्तर," अक्साकाल म्हणाले. "बोल. कशासाठी?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की सल्ला कुणी दिलाच नव्हता. ज्यासाठी मेंढी कापली ते विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि आता उघड्या हातांनी सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती.

"डॉक्टरीण होऊ दे म्हण," कादिरकुल ओठ न हलवता पुटपुटले.

खोटं कशाला सांगू? तोच शब्द माझ्या जिभेवर आला होता. तोंड उघडलंही होतं. बेगायम दाराशी पाण्याचा तांब्या आणि टॉवेल घेऊन उभी होती. सगळ्यांचे हात उघडे, तिचे तेवढे भरलेले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. आपल्याला काही नकोच आहे अशी खाली बघत होती. लहानपणी दुकानासमोरून जाताना तिला एखादी बाहुली फार हवी असली की अशीच बघायची.

"अकाउंटंट होऊ दे," मी म्हणालो.

"काय?" अक्साकालांनी कान पुढे केला. "मोठ्याने."

"अकाउंटंट!" मी इतक्या जोरात ओरडलो की नीना पेत्रोव्नांचा कुत्रा भुंकायला लागला.

अक्साकाल क्षणभर अडखळले. जन्मभर त्यांनी कळपांना आणि नवरा-नवरींना आशीर्वाद दिलेले. पण तोंड थांबलं नाही. "पोरी, तुझे आकडे चरून धष्टपुष्ट होऊन घरी येवोत. त्यांना लांडगा न लागो, रोग न लागो. हिवाळ्यात एकही न मरो. तुझ्या बेरजांना जुळं होवो. ओमिन."

"ओमिन," सगळे म्हणाले. कादिरकुलही म्हणाले, जरा उशिरा.

पाहुणे उरलेलं मांस पिशव्यांत बांधून गेले. ऊन अजून अंगणात होतं. बेगायम कढई घासत होती आणि मी तिच्यावर पाणी ओतत होतो. मी म्हणालो, "आता उद्या डीनना सांग. दोन वर्षं गेली तर गेली. गमबूट तेवढे सांभाळून ठेव, कादिरकुलांची गाय आहे."

ती घासायची थांबली.

"गमबूट नाहीत बाबा."

"म्हणजे?"

"निघायच्या आदल्या दिवशीच मैत्रिणीला देऊन टाकले. गायी तपासायचे ते लांब हातमोजे पण."

मी पाणी ओतत राहिलो. कढई भरून वाहायला लागली.

"मग ठरलं होतं की तुझं," मी म्हणालो. "मला कशाला विचारलंस? मेंढी काय, म्हातारे काय, माझी शोभा काय!"

"तुम्हाला न विचारता कसं ठरवणार?"

"आणि मी डॉक्टर हो म्हटलं असतं तर?"

"तर परत मागून घेतले असते," ती म्हणाली आणि कढई घासू लागली.

मी तांब्या खाली ठेवला. माझ्या पोरीला मी ओळखतो. एक शब्द न बोलता, हसत हसत, तिने ते खरंच परत मागून घेतले असते.